कोल्हापुरात अवाँ-गार्द मैफल: जॅझवाल्यांची टोळी कशी न्यावी

जॅझ ऐकणारी माणसं कोल्हापुरात मोजकी, पण आहेत. कुणी मुंबईत नोकरी करताना नाद लावून घेतलेला, कुणी गोव्यात सॅक्सोफोन ऐकून अडकलेला, कुणी यूट्यूबवर परस्पर घडलेला. एरवी समोर बसून ऐकायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा पुण्याची बस गाठावी लागते. त्यामुळे गावातच एखाद्या छोट्या सभागृहात ‘प्रायोगिक’, ‘मुक्त’ किंवा ‘अवाँ-गार्द’ (म्हणजे रुळलेली चाकोरी मोडून वाजवलेलं) असं काही जाहीर झालं की ग्रुपवर पटापट अंगठे पडतात. प्रत्यक्ष दिवशी निम्मे गळतात, आणि आलेल्यांतले दोघे-तिघे मध्येच उठून चहाला जातात.

यात दोष बहुतेक वेळा वादकांचा नसतो, निमंत्रणाचा असतो. ‘जॅझ आहे, या’ एवढंच सांगितलं की माणसं लुई आर्मस्ट्राँगच्या, म्हणजे जुन्या गोड जॅझच्या, अपेक्षेनं येतात, आणि समोर कुणीतरी सॅक्सोफोन न फुंकता त्याच्या नुसत्या चाव्या खटखटवत बसलेला असतो. म्हणून बेत आखताना तिकिटं आणि गाड्या दुय्यम समजा. कुणाला, काय सांगून, कितपत कान तयार करून न्यायचं हे आधी ठरवा.

जाहिरात वाचा, मग आयोजकाला फोन करा

पोस्टरवरचे शब्द वरवर सारखे दिसतात, पण त्यामागे वेगवेगळ्या संध्याकाळी असतात. ‘फ्यूजन’ लिहिलं असेल तर बहुधा राग, तबला आणि ड्रमसेट असा मामला असतो. घरच्यांना घेऊन खुशाल जा, या लेखाची गरज नाही. ‘फ्री जॅझ’ म्हणजे वाद्यं जॅझचीच; अनेकदा सुरुवातीला एखादी धून असते, मग ज्याची त्याची वाट मोकळी. हे दणदणीत असू शकतं. ‘फ्री इम्प्रोव्हायझेशन’मध्ये आधी काहीच ठरलेलं नसतं, आणि त्याचा जॅझशी संबंध असेलच असंही नाही. कधी कधी ते इतकं हळू असतं की पंख्याचा आवाज त्यापेक्षा मोठा वाटतो. ‘नॉइज’ किंवा ‘इलेक्ट्रॉनिक्स’ दिसलं की कानात घालायचे बोळे खिशात हवेतच. ‘ग्राफिक स्कोअर’ म्हणजे स्वरलिपीऐवजी चित्रं बघून वाजवणं. कॉर्नेलियस कार्ड्यू या इंग्लिश संगीतकारानं १९६३ ते १९६७ या काळात रेघा, वर्तुळं आणि आकार यांची १९३ पानांची अशी एक रचना केली, आणि ती कशी वाजवायची हे वादकांवर सोडून दिलं. ‘प्रिपेअर्ड पियानो’ म्हणजे तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर अडकवलेला पियानो. ही जॉन केज या अमेरिकी संगीतकाराची करामत.

मग आयोजकाला फोन. छोट्या कार्यक्रमाचा आयोजक स्वतःच फोन उचलतो आणि विचारणारा कुणी आहे यानंच खूश होतो. त्याला विचारा: एकूण वेळ किती, मध्यंतर आहे का, माइक-स्पीकर आहेत की वाद्यं तशीच वाजणार, खुर्च्या आहेत की भारतीय बैठक, सुरू झाल्यावर दार बंद होणार का, लहान मुलं चालतील का. बैठकीचा प्रश्न हलक्यात घेऊ नका. गुडघेदुखीवाल्या माणसाला सतरंजीवर तासभर बसवून ‘आता सूक्ष्म नाद ऐका’ म्हणणं हा छळ आहे. मध्यंतराचंही तसंच. अशा कार्यक्रमांत सलग पन्नास-साठ मिनिटांचा एकच तुकडा असू शकतो, आणि ते आधी माहीत असलेलं बरं.

कुणाला न्यायचं

सगळ्यांना नको. आठ ते बारा जण पुष्कळ झाले. त्याहून जास्त झाले की हॉलमध्ये आपलंच संमेलन भरतं.

माझ्या मते तीन प्रकारची माणसं असतात. पहिला प्रकार स्विंग (नाचता येईल असं ठेकेदार जुनं जॅझ) आणि जुन्या धुनांवर जीव असलेल्यांचा. यांना नाही म्हणू नका, पण स्पष्ट सांगा: ठेका धरून पाय हलवायला मिळेल याची खात्री नाही, ओळखीची धून येणार नाही. एवढं ऐकूनही जो येतो तो शेवटपर्यंत बसतो.

दुसरा प्रकार शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांचा. कोल्हापुरात ही मंडळी मुबलक आहेत आणि त्यांना कमी लेखू नका. शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब इथे राहिले, त्यांच्या गायकीचे संस्कार या गावावर झाले. अनवट राग, जोडराग, वळणं घेत जाणारी तान हे सगळं पचवलेल्या कानाला अवघड गोष्टींची भीती नसते. शिवाय त्यांच्याकडे एक फायदा असतो, तो पुढे सांगतो.

तिसरा प्रकार चित्रकला शिकणाऱ्या पोरापोरींचा. कलानिकेतनचे दोन विद्यार्थी टोळीत असले की वातावरणच बदलतं. ‘पण याचा अर्थ काय?’ हा प्रश्न त्यांनी कॅनव्हाससमोर कधीच निकालात काढलेला असतो. गावाला कलापूर म्हणायचं आणि संगीताच्या कार्यक्रमाला चित्रकारांना बोलवायचं नाही, हे काही बरोबर नाही.

निमंत्रणाचा मजकूर थोडक्यात असा असावा: ‘येत्या शनिवारी मुक्त वादन आहे. गाणी नाहीत, ठरलेला ताल नाही. साधारण एक तास, मध्यंतर नाही. तिकीट अमुक. यायचं असेल तर बुधवारपर्यंत पैसे पाठवा.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. अंगठ्याला किंमत नाही, यूपीआयला आहे. पैसे एकानंच गोळा करावेत आणि परत मिळणार नाहीत हेही तेव्हाच सांगावं. आणि कृपा करून ‘पास आहे का?’ विचारू नका. मोठ्या नाटकाला पासवाल्यांनी फरक पडत नाही. पन्नास खुर्च्यांच्या कार्यक्रमात दहा पास म्हणजे एका वादकाचं प्रवासभाडं.

तारीख आणि जागा

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लोटणारी गर्दी, गणपतीतल्या मिरवणुका हे लक्षात ठेवा. विसर्जनाच्या आठवड्यात साउंड सिस्टिमच्या भिंतींच्या गावात हळू आवाजाचं संगीत ठेवणाऱ्या आयोजकाला नमस्कारच करायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेकडे नजर हवी. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी तिकडे सरकायला लागलं की इचलकरंजी, शिरोळकडच्या लोकांना ‘या’ म्हणू नका. २०१९ च्या पुरात महामार्गसुद्धा दिवसचे दिवस बंद होता.

केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीनं गावाचं मोठं रंगमंच-घर गेलं, आणि बाकीच्या सभागृहांवरचा ताण वाढला. तरी असले कार्यक्रम मोठ्या नाट्यगृहात क्वचितच होतात. शाहू स्मारक, देवल क्लब, एखादं कलादालन, कॉलेजचा हॉल, नाहीतर कुणाचा स्टुडिओ अशाच जागा असतात. शाहू स्मारक दसरा चौकात, म्हणजे मध्यवर्ती. बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनवरून रिक्षानं काही मिनिटांत पोचता येतं. मात्र मैदानावर सभा किंवा प्रदर्शन असेल तर पार्किंगची बोंब आणि बाहेरच्या कर्ण्याचा त्रास, दोन्ही. त्या दिवशी शेजारी काय आहे हे आदल्या दिवशी चक्कर मारून बघा.

कार्यक्रम उघड्यावर, गच्चीवर किंवा अंगणात असेल तर रात्री दहाची मर्यादा ध्यानात घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सभागृहासारख्या बंद जागांना सूट आहे. म्हणजे गच्चीवर साडेआठचा कार्यक्रम सव्वानऊला सुरू झाला तर शेवट कापला जाणार. तिथे वेळेवर पोचण्याला दुप्पट महत्त्व.

कान तयार करणं

इथे मात्र हात आखडू नका. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी कुणाच्या तरी घरी दीड तास बसा. बऱ्या स्पीकरवर ऐका, मोबाइल पेल्यात ठेवून नको. इतिहास शिकवायचा नाही. कान कुठे ठेवायचा एवढंच दाखवायचं.

सुरुवात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९५९ सालच्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ या अल्बमपासून करा. सॅक्सोफोन, कॉर्नेट (ट्रम्पेटचाच भाऊ), बास आणि ड्रम एवढेच चौघे, पियानो नाही. नेहमीच्या जॅझमध्ये पियानो कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांचा, पाया धरून ठेवतो आणि वादक त्या चौकटीत फिरतो. ती चौकटच काढून टाकली तेव्हा अमेरिकेतले जाणकार खवळले होते. शास्त्रीयवाल्यांचा फायदा तो हाच. कॉर्ड नाही म्हणून आपल्याला काही हरवल्यासारखं वाटतच नाही. एकच धून, तिच्यातून निघणारा एकेरी विस्तार आणि त्याला खालून आधार, हे आपण जन्मभर ऐकत आलोय. ही गोष्ट ख्याल ऐकणाऱ्या काकांना सांगा, ते खुर्चीत पुढे सरकतात.

नंतर अल्बर्ट आयलरचं १९६४ सालचं ‘स्पिरिच्युअल युनिटी’. तिघेच वादक, सगळं मिळून जेमतेम अर्धा तास. आयलर लष्कराच्या बँडमध्ये वाजवून आलेला. त्याच्या धुना साध्या, कुणालाही गुणगुणता येतील अशा, पण सॅक्सोफोनचा आवाज रडल्या-ओरडल्यासारखा. ड्रमवर सनी मरे आहे आणि तो ठेका धरतच नाही. इथेच ग्रुपमधून पहिला प्रश्न येतो: ‘सम कुठाय?’

सम, म्हणजे तालाचं आवर्तन जिथे येऊन मिळतं ती पहिली मात्रा, इथे नाहीये. शास्त्रीय श्रोत्याला जो फायदा, त्याच्या पोटातच हा तोटाही आहे: त्याचं अर्धं ऐकणं समेची वाट पाहण्यात जातं, आणि ती येत नाही म्हटल्यावर तो बिथरतो. त्याला खासबागेच्या कुस्ती मैदानात घेऊन जा, निदान आठवणीनं. कुस्ती लागली की हलगीवाला आवर्तनं मोजत नाही. पैलवान एकमेकांना अजमावत असतात तोवर तो सैल वाजवतो. पट निघाला, डाव बसायला लागला की हात तापतो. चितपट झाली की कडकडाट. हलगी पैलवानाच्या मागे जाते. सनी मरेचा ड्रम तसाच सॅक्सोफोनच्या दमाच्या मागे-पुढे जातो. कोल्हापूरच्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट घरचा अभ्यास म्हणून द्या. कोलमनचंच ‘फ्री जॅझ’, २१ डिसेंबर १९६० रोजी ध्वनिमुद्रित झालेलं, सुमारे ३७ मिनिटांचं. दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात. डाव्या बाजूला कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लफारो, बिली हिगिन्स. उजव्या बाजूला एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. हे इअरफोन लावूनच ऐकायचं. आधी पाच मिनिटं फक्त डावा कान, मग पाच मिनिटं फक्त उजवा, मग दोन्ही. गोंगाट वाटलेली गोष्ट दोन टेबलांवरच्या गप्पांसारखी सुटी होते. ज्यांनी हे केलं ते प्रत्यक्ष मैफलीत कधी हरवत नाहीत, कारण एका वेळी एकाच वादकाच्या मागे कसं जायचं हे त्यांना जमलेलं असतं.

जॉन कोल्ट्रेनचं १९६५ सालचं ‘असेन्शन’ शेवटी, आणि बैठकीत त्यातली दहाच मिनिटं. अकरा वादक: पाच सॅक्सोफोन, दोन ट्रम्पेट, दोन बास, पियानो, ड्रम. पूर्ण ऐकायला सुमारे ४० मिनिटं लागतात. लावण्याआधी रचना सांगा: सगळे मिळून, मग एकटा, पुन्हा सगळे, मग दुसरा एकटा. एवढं कळलं की पसाऱ्याला उंबरे दिसायला लागतात. हे सगळ्यांना आवडेल असं नाही. मलाही ते पाहुणे आलेले असताना लावावंसं वाटत नाही.

आणि नुसता दणदणाट म्हणजेच अवाँ-गार्द असा समज होऊ नये म्हणून काहीतरी विरळही ऐकवा. शिकागोत १९६५ साली एएसीएम ही कृष्णवर्णीय संगीतकारांची संघटना उभी राहिली. तिच्यातून आलेल्या ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’चे वादक नेहमीच्या वाद्यांबरोबर घंटा, शिट्ट्या, खुळखुळे असला ढीगभर ऐवज घेऊन बसत. त्यांच्या वादनात शांततेच्या मोठ्या जागा आहेत. प्रत्यक्ष कार्यक्रमात सगळ्यात जास्त चुळबुळ अशाच जागी होते, तेव्हा सराव तिथलाच हवा.

त्या दिवशी

जेवण आधी नको. तांबडा-पांढरा ओरपून बंद हॉलमध्ये मंद संगीत ऐकायला बसलात तर घोरण्याची साथ आपलीच. मिसळ सकाळची गोष्ट, ती सकाळीच ठेवा. संध्याकाळी साडेपाच-सहाला खासबागेजवळ भेळ, चहा, बस्स. खरं जेवण कार्यक्रमानंतर. बारा जण असाल तर खानावळीला दुपारीच फोन करून ठेवा, कारण उशिरा गेल्यावर भाकरी संपलेली असते. जेवायचं नसेल त्यांना दूध कट्ट्यावर न्या. समोर काढलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला हा या गावचा कुठल्याही कॉकटेलला जबाब आहे.

सांगली, मिरज, इचलकरंजीची मंडळी असतील तर परतीची गाडी आधी ठरवा. शेवटच्या एसटीकडे डोळा लावून बसलेला माणूस काही ऐकत नाही. मिरज-सांगली पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. चौघांत एक गाडी हा सरळ हिशोब.

हॉलवर वीस मिनिटं आधी. जागा निवडताना नियम सोपा: माइक नसेल तर हॉलच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात बसा, वादकांची बोटं आणि नजरा दिसायला हव्यात. मुक्त वादनात कोण कुणाकडे बघतोय यावरून अर्धी गोष्ट कळते. स्पीकर असतील तर मधोमध, आणि कुठल्याही स्पीकरच्या तोंडासमोर नको. सगळे जण एका रांगेत बसू नका. दोघा-दोघांनी विखरून बसा, म्हणजे कुजबूज आपोआप बंद.

कानाचं खरंच सांभाळा. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. फोमचे बोळे मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन किरकोळ किमतीत मिळतात. पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचे. त्यात लाज कसली? मोठ्या आवाजात काम करणारे ड्रमवालेही ते घालतात.

फोन विमान मोडवर, कारण व्हायब्रेटही ऐकू येतं. कुरकुऱ्याची पिशवी, खोकल्याच्या गोळीचा कागद, किल्ल्यांचा जुडगा हे सगळं आधीच आवरा. व्हिडिओ करायचा तर वादकाला विचारून, आणि एकानंच.

टाळ्यांचं काय? नेहमीच्या जॅझमध्ये प्रत्येकाच्या एकल वादनानंतर टाळी पडते, आपल्या मैफलीत चांगली जागा आली की ‘क्या बात है’ निघतं. मुक्त वादनात दोन्ही जरा आवरा. आवाज थांबला म्हणजे तुकडा संपला असं नाही. वादकांनी हात खाली घेतले, मान वर केली, एकमेकांकडे बघून हसले की संपलं. तोवर थांबा. नकळत एखादी ‘वा’ निघून गेलीच तर फाशी नाही.

आणि ज्याला सहनच होत नाही त्यानं काय करावं? उठून जावं. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो अपराधी वाटून तासभर खुर्ची करकरवत बसणार नाही. अशांना दाराजवळची जागा द्या. एक तुकडा संपेपर्यंत थांबायचं, मग शांतपणे बाहेर, आणि बाहेर भेटायची जागा ठरलेली. मात्र पहिली पंधरा मिनिटं कुणी हलायचं नाही अशी अट घाला. कानाला सरावायला तेवढा वेळ लागतोच.

नंतर

हॉलच्या पायऱ्यांवरच ‘काय, कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्याला ‘वेगळं होतं’ हे एकच उत्तर येतं आणि विषय संपतो. जेवताना विचारा, तेही नेमकं: कुठला भाग आठवतोय? कुणाच्या मागे गेलात? कंटाळा कुठे आला? कंटाळ्याबद्दल मोकळेपणानं बोललं की गप्पा रंगतात. चित्रकलावाली पोरं आणि ख्यालवाले काका इथे हमखास भांडतात, आणि ते भांडण तिकिटापेक्षा मोलाचं आहे.

वादक भेटले तर ‘यातून तुम्हाला काय सांगायचं होतं?’ असं विचारू नका. वाद्याबद्दल विचारा: तो आवाज कशानं काढला, ती पट्टी कुठे अडकवली होती, इतकं लांब फुंकताना श्वास कसा घेता. बहुतेक वादक वाद्य हातात घेऊन दाखवायलाच लागतात. सीडी, कॅसेट, डाउनलोडचं कार्ड असं काही विकायला ठेवलं असेल तर दोघा-तिघांनी मिळून का होईना, घ्या.

हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका: तिकीट, गाडी, जेवण, उरलेले पैसे. दुसऱ्या दिवशी आयोजकाला फोन करून पुढच्या वेळी आमच्या दहा खुर्च्या धरा असं सांगा, आणि जमत असेल तर पैसे आगाऊ द्यायची तयारी दाखवा. हॉलचं भाडं निघणार की नाही हे त्याला महिनाभर आधी कळलं, तरच तो पुण्या-गोव्याच्या वादकाला होकार कळवू शकतो.